बॉडी किट घेण्याआधी विकणारा पारखावा कसा

अरे, तू पाठवलेले फोटो बघितले. स्विफ्टला पुढे लिप, दोन्ही बाजूंना साइड स्कर्ट, मागे डिफ्यूझर आणि वर स्पॉयलर. झकास दिसतंय. गाडी तुझी, हौस तुझी, मी नको म्हणणार नाही. ज्याची हयात डेंटिंग-पेंटिंगमध्ये गेली त्याला गाडी सजवण्याची हौस चांगली कळते. पण ‘मामा, किट चांगलं आहे का?’ याचं उत्तर त्या फोटोंवरून कुणीच देऊ शकणार नाही. एकाच साच्यातून निघालेला माल दोन दुकानांत असतो. एक दुकानदार तो तुझ्या गाडीला नीट बसेपर्यंत तुझा फोन उचलतो, दुसरा पैसे जमा झाले की उचलत नाही. म्हणून किटचं थोडं आणि विकणाऱ्याचं जास्त सांगतो. घाई नसेल तर शांतपणे वाच, घाई असेल तर ऑर्डर आठ दिवस पुढे ढकल आणि मग वाच.

पहिला फोन करशील तेव्हा तो तुला काय विचारतो याकडे कान दे. ‘स्विफ्ट ना? आहे की, टाका ऑर्डर’ एवढ्यावर जो थांबला, त्याच्याशी बोलणं तिथेच संपव. भारतात स्विफ्ट २००५ मध्ये आली, २०११ मध्ये दुसरी आली, २०१८ मध्ये तिसरी, २०२४ मध्ये चौथी. अधेमधे २०१४ मध्ये पुढचा चेहरा बदलला, २०२१ मध्ये ग्रिल बदललं. एकाच वर्षाच्या गाड्यांमध्येसुद्धा वरच्या मॉडेलला फॉग लॅम्प असतात, खालच्या मॉडेलला तिथे नुसती काळी झाकणं. क्रेटाचंही तेच, २०१५ मध्ये आली आणि २०१८, २०२० आणि २०२४ अशा तीन वेळा तिचा चेहरा बदलला. फॉर्च्युनरचा २०१६ चा बंपर २०२१ च्या गाडीला चालत नाही आणि लेजेंडरचा आणखी वेगळा. शिंप्याने माप न घेता शर्ट शिवायला घेतला तर आपण त्याच्या हातात कापड देऊ का?

जाणता विकणारा दोन मिनिटांत विचारतो: आरसीवर बनावटीचा महिना-वर्ष कोणतं, मॉडेल कोणतं, फॉग लॅम्प आहेत का, मागे पार्किंग सेन्सर किती आहेत, आणि बंपर कंपनीचाच आहे की कधी ठोकल्यावर बदललाय. शेवटचा प्रश्न ज्याने विचारला तो या धंद्यात मुरलेला आहे असं समज. बाहेरचा बदली बंपर मूळ बंपरच्या वळणाशी तंतोतंत जुळतोच असं नाही, आणि अशा बंपरवर लिप बसवलं की कडेला बोटभर फट दिसते. मग गिऱ्हाईक लिपला दोष देतं, लिपवाला फिटरला, फिटर बंपरला. हा सगळा घोळ एका प्रश्नाने टळतो, आणि तो प्रश्न विकणाऱ्याने स्वतःहून विचारायला हवा.

त्याहून मोठी खूण म्हणजे ‘नाही’. पुण्यात नाना पेठेत माझ्या जाण्यायेण्यातला एक दुकानदार होता. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं असलं तरी सांगायचा, ‘हे तुमच्या मॉडेलला बसणार नाही, कापाकापी करावी लागेल, मी देत नाही.’ ज्यांनी त्याचं ऐकलं ते पुढच्या गाडीच्या वेळी त्याच्याकडेच परत आले. तू जाणूनबुजून एक प्रश्न विचारून बघ. ‘माझ्या गाडीला फॉग लॅम्प नाहीत, तरी फॉग लॅम्पवालं लिप चालेल ना?’ यावर ‘चालेल, चालेल’ म्हणणारा तुझ्या पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही ‘चालेल’च म्हणणार आहे.

मग माल कशाचा आहे ते विचार. ‘एकदम मजबूत प्लास्टिक’ हे उत्तर होत नाही. बाजारात ढोबळ तीन जाती येतात. एक फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची मॅट साच्यात घालून वर रेझिन चोपडून बनवलेला एफआरपीचा पार्ट. दुसरा एबीएस. तिसरा पीपी, ज्याचे कंपनीचे बहुतेक बंपर असतात. तुझ्या गाडीच्या बंपरच्या आतल्या बाजूला बघ, दोन टोकदार कंसांमध्ये पीपी अधिक ईपीडीएम अशी इंग्रजी अक्षरं ठसलेली सापडतील. काही विकणारे कुठल्याही कडक पार्टला ‘फायबर’ म्हणतात, त्यामुळे एवढ्या शब्दावर समाधान मानू नकोस. एफआरपी, एबीएस की पीपी, हे बिलावर लिहून देणार का, ते विचार. लिहून देतो म्हणणाऱ्याला स्वतःचा माल माहीत असतो.

यात कुठलंच वाईट नाही, प्रत्येकाची रीत वेगळी आहे. फायबर कडक असतं. दगडाला, फुटपाथला घासलं की तडकतं, पण कुठलाही बरा कारागीर मॅट आणि रेझिन लावून ते पुन्हा जोडतो. एबीएसचा पार्ट साच्यातून सारख्या जाडीचा निघतो, रंग त्यावर छान धरतो. पीपी वाकतं आणि परत जागेवर येतं, पण त्यावर रंग सहजी धरत नाही. त्याला आधी प्लास्टिकचा खास प्रायमर लागतो, नाहीतर वर्षभरात रंगाचे पापुद्रे निघतात. आणि चिकटटेपही पीपीवर तशी नीट बसत नाही. हे सगळं विकणाऱ्याने तू न विचारता सांगितलं, तर त्याच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही.

फायबरच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेव, कारण तुला स्वस्तात मिळेल ते फायबरच असणार. पहिली म्हणजे साचा. चांगला कारखाना गाडीवर बसवून, मापं घेऊन स्वतःचा नमुना तयार करतो आणि त्यावरून साचा काढतो. नकलाकार बाजारातून तयार पार्ट आणतो, त्यावरच साचा काढतो आणि माल पाडतो. रेझिन सुकताना आकसतं, म्हणून नकलेतून निघालेला पार्ट मूळ पार्टपेक्षा किंचित लहान भरतो, आणि नकलेची नक्कल आणखी लहान. दीड-पावणेदोन मीटर लांबीच्या साइड स्कर्टला हा फरक भोकांच्या जागी कळतो. एक टोक बसवलं की दुसरं बसत नाही. टोयोटाची स्वतःची मॉडेलिस्टा, जपानचीच लिबर्टी वॉक, या नावाचे किट तुला भारतात मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात देऊ करणारे भेटतील. ती नक्कल आहे हे धरूनच चाल. नक्कल आहे असं सरळ सांगणारा एक वेळ विश्वासाचा. ‘ओरिजिनल जपानचं’ म्हणणाऱ्याकडे आयातीचे कागद माग आणि तो काय बोलतो ते ऐक.

दुसरी गोष्ट वासाची. नुकतंच पाडलेलं फायबर उग्र वास मारतं. पार्ट साच्यातून घाईने काढून, नीट सुकायच्या आत गुंडाळून पाठवला तर तो वाटेतच पिळला जातो, उन्हात ठेवल्यावर आणखी वाकतो. ऑर्डर देताना विचार, माल तयार आहे की पाडून देणार? पाडून देणार असेल तर किती दिवसांनी? फायबरचा पार्ट ‘परवा पाठवतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तीन आठवडे लागतील’ म्हणणारा बरा.

आता फोटो. दुकानाच्या पानावरचे फोटो बघून मन भरतं, पण ते फोटो कुठूनही उचललेले असू शकतात. गूगल लेन्समध्ये टाकून बघ, तोच फोटो मलेशियाच्या किंवा थायलंडच्या विक्रेत्याकडे सापडला तर समजून जा. त्याला सांग, ‘माझं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद पार्टवर ठेवून व्हिडिओ पाठवा. पुढून नको, पाठीमागून.’ पुढची बाजू प्राइमर मारला की सगळ्यांचीच सारखी दिसते. पाठीमागे मॅट सगळीकडे सारखी बसलीय का, कुठे रेझिन सुकं राहून धागे मोकळे दिसतायत का, कडा कागदासारख्या पातळ आहेत का, बोल्टच्या जागी धातूची पट्टी किंवा जाड थर दिलाय का, हे सगळं उघडं पडतं. व्हिडिओ बघून तुला कळलं नाही तर मला पाठव. पाठीमागचा व्हिडिओ द्यायला जो कां-कूं करतो त्याचा विचार सोडून दे, मग भाव कितीही चांगला असो.

त्यानंतर फिटिंगचा फोटो माग, बिनरंगाचा, तुझ्याच वर्षाच्या गाडीवर बसवलेला. रंगवलेल्या गाडीच्या फोटोत फटी सीलंटने आणि सावलीने झाकल्या जातात. बिनरंगी पार्ट गाडीवर ठेवलेला असला की हेडलॅम्पच्या खालची रेष, फेंडरजवळचा सांधा, चाकाच्या कमानीचं वळण सगळं खरं दिसतं.

तू साताऱ्याहून पुण्याला येतोस-जातोस, मधेच गावाकडचा रस्ता आहे, म्हणून हे खास तुझ्यासाठी. २०१८ च्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर. लिप ४० ते ५० मिलिमीटर खाली उतरलं तर उरले ११३ ते १२३. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे बांधलेला स्पीड ब्रेकर १०० मिलिमीटर उंच असतो, आणि गावोगावी लोकांनी स्वतः घातलेले ब्रेकर कुठल्याच मापात बसत नाहीत. चार माणसं आणि सामान बसलं की गाडी आणखी खाली बसते. चांगला विकणारा तुला विचारेल की गाडी कुठे चालते, आणि मग सांगेल की पुढचं लिप सोडा, साइड स्कर्ट आणि मागचा स्पॉयलर घ्या, किंवा उथळ लिप घ्या. पूर्ण सेट विकण्यातच त्याचा नफा असतो. तो स्वतःहून एक नग कमी विकायला तयार होत असेल तर त्याचा नंबर जपून ठेव.

पार्ट बसणार कसा, तेही आधीच विचारून ठेव. छोटा स्पॉयलर डबल टेपवर राहतो, पण पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, मेण आणि तेल काढून, टेप एक दिवस पाण्याविना धरू द्यावी लागते. लांब स्कर्ट आणि लिप नुसत्या टेपवर देणाऱ्याचं ऐकू नकोस, तिथे क्लिप आणि स्क्रू हवेतच. महामार्गावर वाऱ्याच्या दाबाने सुटलेला स्कर्ट मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर गेला तर काय होईल ते तुला सांगायला नको. किटबरोबर क्लिप, स्क्रू, ब्रॅकेट येणार का आणि ते किती, हे बिलावर असू दे. ‘फिटरकडे मिळतील’ म्हणणाऱ्याने तो पार्ट गाडीवर कधी बसवून पाहिलेला नसतो.

आता सुरक्षेचं आणि कायद्याचं, इथे मी कडक बोलणार आहे. बंपरच्या कव्हरआड फोमचा थर आणि धातूचा आडवा दांडा असतो. टक्कर झाली की तो धक्का आधी खातो आणि त्या हिशेबावर एअरबॅगचे सेन्सर बसवलेले असतात. ‘आतला दांडा थोडा कापला की किट मस्त बसतं’ असं सांगणारा विकणारा मिळाला तर फोन ठेव, पुढे काही बोलायची गरज नाही. तसंच लोखंडी बुल गार्ड. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड लावलेल्या गाड्यांवर कारवाई करायला सांगितलं. टकरीचा धक्का गार्डमुळे भलत्याच ठिकाणी जातो, एअरबॅगच्या सेन्सरचं गणित चुकतं, आणि समोरच्या पादचाऱ्याला ते लोखंड थेट लागतं. तरीही जो ‘सगळे लावतात हो’ म्हणून गार्ड विकतो, त्याच्याकडचा स्पॉयलरसुद्धा घेऊ नकोस. ज्या नव्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला रडार असतो, त्यांना पुढचा पार्ट घेताना रडारच्या समोर काय येतंय ते विकणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे. जाड पुट्टी आणि धातूच्या कणांचा रंग रडारच्या आड येतो.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या नोंदणीत कंपनीने मूळ दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘मालकाला’ हा शब्द नीट वाच. चौकात गाडी अडवली की किट विकणारा तिथे नसतो. बोल्टने लागणारं आणि काढता येणारं लिप वेगळं, आणि फेंडर कापून रुंद कमानी बसवणं, टायर बाहेर काढणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला तू हात लावू नकोस. आणि पहिल्या प्रकाराबद्दलही शंका असेल तर आपल्या आरटीओत जाऊन विचार, दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर जाऊ नकोस. कुणी ‘एआरएआय अप्रूव्ह्ड’ म्हणालं तर प्रमाणपत्राची प्रत माग. एआरएआय ही गाड्या तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे, तिचे कागद क्रमांकाचे आणि तारखेचे असतात. कायद्याची गोष्ट काढल्यावर विकणारा गंभीर होतो की हसण्यावारी नेतो, एवढं बघितलंस तरी माणूस कळेल.

पैशाचं थोडक्यात. पक्कं बिल, जीएसटी क्रमांकासह. क्रमांक पंधरा अक्षरांचा, पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, दिल्ली ०७, कर्नाटक २९, गोवा ३०. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की धंद्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, ते दिसतं. पैसे ज्या खात्यात मागतो त्या खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव एकच हवं. ‘जीएसटी नको, तेवढे कमी करतो’ हा मोह टाळ, कारण पुढे विमा आणि तक्रार दोन्हीला तेच बिल लागतं. पाडून घ्यायच्या मालाला ॲडव्हान्स मागणं रास्त आहे, सगळे पैसे आधी मागणं रास्त नाही. थोडे ऑर्डरला, बाकीचे पाठीमागचा व्हिडिओ बघून पाठवणीच्या आधी. जमलं तर कार्डाने दे. कार्डाच्या व्यवहारावर बँकेकडे वाद नोंदवता येतो. यूपीआयने आपणहून पाठवलेला पैसा परत आणणं फार जिकिरीचं.

विकणारा दिल्लीचा, करोल बागचा, बंगळुरूच्या जेसी रोडचा असेल तर वाहतूक हा अर्धा व्यवहार आहे. बंपरच्या मापाचा खोका, समज १७० बाय ६० बाय ४५ सेंटिमीटर. एका माणसाला सहज उचलता येतो, पण हवाई कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून बहुधा ५,००० ने भागतात, म्हणजे हिशेबाने तो जवळजवळ ९२ किलोचा झाला. भाडं मालापेक्षा जास्त वाटायला लागतं. म्हणून बहुतेक माल ट्रान्सपोर्टने येतो. भाडं ‘पेड’ आहे की ‘टू पे’, गोडाऊनपर्यंत की घरापर्यंत, पॅकिंगला लाकडी चौकट आहे की नुसता बबल, हे तिन्ही लिहून घे. माल हातात घेताना खोका तिथेच उघड, उघडतानाचा अखंड व्हिडिओ कर आणि तडा किंवा मोड दिसली तर सही करण्याआधी बिल्टीवर शेरा लिही. ‘माल बरोबर मिळाला’ अशी सही झाल्यावर ट्रान्सपोर्टवाला आणि विकणारा एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तू मधे अडकतोस. ऑर्डर देण्याआधीच विचारून ठेव, वाटेत फुटलं तर कुणाचं? ‘आमचं, दुसरा पाठवू’ असं जो लेखी देतो त्याचं पॅकिंगही मग आपोआप चांगलं असतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. रंगाच्या आधी बसवून बघायचं. बहुतेक विकणाऱ्यांची अट असते की रंगवलेला किंवा भोक पाडलेला पार्ट परत घेणार नाही, आणि ही अट मला अन्यायाची वाटत नाही. पण त्याचा अर्थ असा की माल आला की पेंटरकडे नेण्याआधी क्लिप आणि टेपवर तात्पुरता बसवून, सगळ्या फटी पट्टीने मोजून, फोटो काढायचे. पेंटरला घाई असते, तो म्हणतो ‘रंगवून मग जुळवू’. त्याला थांबव. बसवून बघण्यासाठी विकणारा किती दिवस देतो ते आधी ठरव, सात दिवस दिले तरी पुरतात. दोन-तीन मिलिमीटरचा फरक फायबरमध्ये कारागीर गरम करून, घासून, पुट्टी भरून मिटवतो, तेवढ्यासाठी भांडू नकोस. बोट आत जाईल एवढी फट असेल तर परत पाठव. रंगाच्या आधी पेंटरला आठवण कर की फायबर साच्यातून सुटावं म्हणून मेण लावलेलं असतं, ते धुऊन काढल्याशिवाय रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. हे झालं की दोष मालाचा मानला जातो, आणि तो दर वेळी मालाचा नसतो.

शिफारस कुणाची घ्यायची? कालच किट बसवलेल्या माणसाची नको, त्याला सगळं छानच दिसतं. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलेली गाडी शोध. विदर्भात गाडी असलेला कुणी ओळखीचा असेल तर फारच उत्तम, तिथल्या उन्हात टेप, रंग आणि फायबर तिन्हींची परीक्षा होते. त्याहून चांगला साक्षीदार म्हणजे तुमच्या गावातला डेंटर, जो तुझं किट बसवणार नाही असा. बसवणाऱ्याला दुकानाकडून काही सुटत असेल तर तो त्याच दुकानाचं नाव घेईल. दुसऱ्या डेंटरला विचार, ‘तुमच्याकडे दुरुस्तीला कुणाची किट येतात?’ तो चार नावं पटापट सांगेल. ती नावं टाळ.

कंपनीची स्वतःची ॲक्सेसरी हाही एक पर्याय आहे, तो विसरू नकोस. मारुतीच्या शोरूममध्ये स्विफ्टसाठी स्कर्ट आणि स्पॉयलर मिळतात. दिसायला सौम्य असतात, फोटोतल्यासारखे आक्रमक नाहीत. पण बसतात. आणि बसले नाहीत तर जाब विचारायला दार आहे.

किट लागलं की विमा कंपनीला लेखी कळव, बिलाची प्रत जोड. गाडीबरोबर न आलेली वस्तू पॉलिसीत वेगळी दाखवावी लागते, त्याचा थोडा हप्ता पडतो. हे न करता क्लेम आला तर अडतो. क्लेममध्ये साधारणपणे प्लास्टिकच्या भागाची किंमत ५० टक्के घसारा धरून मिळते, फायबर ग्लासची ३० टक्के धरून. म्हणून बिलावर साहित्याचं नाव हवं असं मी मघाशी म्हणालो.

आणि इतकं करूनही विकणारा उलटला तर गप्प बसू नकोस. ऑनलाइन विकणाऱ्याला २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला तो नकार देऊ शकत नाही, त्याच्या पानावर ‘नो रिटर्न’ लिहिलेलं असलं तरी. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तू राहतोस तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, दिल्लीच्या विकणाऱ्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. चॅट, व्हिडिओ, बिल, बिल्टी सगळं एका फोल्डरमध्ये ठेव, खोडू नकोस.

आता असं कर. पूर्ण सेटची ऑर्डर देऊ नकोस. ज्याच्याशी बोलणं पटलं त्याच्याकडून आधी फक्त मागचा स्पॉयलर मागव. तो कसा पॅक करतो, सांगितल्या दिवशी पाठवतो का, स्क्रू मोजून देतो का, एक क्लिप कमी निघाली म्हणून फोन केला तर काय म्हणतो, हे बघ. मग स्कर्ट, मग मागचा डिफ्यूझर, आणि लिप घ्यायचंच ठरलं तर शेवटी. स्पॉयलर आला की रविवारी गाडी घेऊन इकडे ये, आईलाही बरोबर आण. बिनरंगाचाच आण, आपण दोघं बसवून बघू.